परबांचा पहिला टर्न

परब आले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवायचे. नुसतं ठेवायचे नाहीत. बाकाच्या कडेला समांतर, उजव्या हाताला, काच आपल्याकडे. मग रुमालात बांधलेला पत्त्यांचा गठ्ठा बाहेर यायचा. समोरच्याला विचारायचे, "जेवलात?" समोरचा हो म्हणो की नाही, परब "बरं झालं" म्हणून पिसायला घ्यायचे.

मुलुंड पूर्वेला माझा गणिताचा क्लास आहे. तळमजल्यावरची एक खोली, बारा बाकं, एक फळा. रविवारी दुपारी खोली रिकामी असते म्हणून माझा भाचा तिथे मित्रांना घेऊन पत्ते खेळायला लागला. पत्ते म्हणजे रमी किंवा बदामसात नव्हे. चित्रांचे, पाकिटातून विकत मिळणारे पत्ते. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही. नको ते द्यायचं, हवं ते अदलाबदलीत घ्यायचं, आणि साठ पानांचा आपला स्वतःचा डेक बांधायचा. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाला सुरुवातीला सात पानं आणि वीस प्राण मिळतात, आणि समोरच्याचे प्राण आधी संपवेल तो जिंकतो. भाचा पुढे नोकरीसाठी बंगळुरूला गेला, पण मंडळी यायची थांबली नाहीत. नुसतं कुलूप उघडून बसणारी मी पन्नाशीत या खेळात अडकले ती अडकलेच.

नियम सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडे दुसरं काय येणार? मी एक लांबट वही केली आणि त्यात लाल पेनने आमचे घरचे नियम लिहायला लागले. मी स्वभावाने खडूस आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. नियम लिहिला की मला बरं वाटतं. तो कुणासाठी लिहिला हे बघायची सवय मात्र मला नव्हती.

परब पंचावन्नचे असतील. उभट चेहरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टोक केलेली पेन्सिल. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली गेली आणि कुटुंब मुलुंडला आलं. परब भांडुपला एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. नंतर नोकरी सोडून एका आर्किटेक्टची ड्रॉइंग घरून करून द्यायला लागले. लग्न केलं नव्हतं. घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. आई शहाऐंशीची, आठवण पार गेलेली. दुपारी तिला जेवण आणि गोळी देऊन निजवायचे, दाराला बाहेरून कुलूप घालायचे, किल्ली गळ्यात अडकवायची आणि झपाझप चालत आमच्याकडे यायचे. आई कधी तासभर झोपायची, कधी वीस मिनिटं. जाग आली की दार आतून बडवायची, आणि शेजारच्या शिर्केबाई परबांना फोन करायच्या. आठवड्यातून एवढंच त्यांचं बाहेर पडणं.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. तुम्हांला आधीच सांगून टाकते, कारण हे माहीत नसलं की माणसाच्या हातून काय होतं ते आम्ही करून बसलो.

पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहून म्हणाले, "इथे रविवारी खेळतात म्हणे." त्यांचा भाचा परदेशी जाताना पत्त्यांचे दोन खोके मामाकडे टाकून गेला होता. परबांनी एकेक पान वाचलं. बारीक अक्षरातली वाक्यंसुद्धा. आई झोपली की दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचे. त्यातून त्यांनी एक डेक बांधला होता. कुणाला नको असलेली, फुकट वाटली जाणारी पानं निवडून. आमचा निमेश अशा पानांना कचरा म्हणतो.

निमेश बँकेत आहे, भांडुपहून येतो आणि तापट आहे. त्यानेच परबांना समोर बसवलं. टॉस परब जिंकले. त्यांनी एक पान ठेवलं. त्या पानाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. परब हलक्या हाताने पानं ओळीत लावत होते, कडेला कड जुळवून, आणि तोंडाने पुटपुटत होते, "वॉचमन आला. वॉचमनने इस्त्रीवाल्याला वर सोडला. इस्त्रीवाल्याने बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं." पत्त्यांवरची नावं इंग्रजीत, पण परबांनी प्रत्येकाचं बारसं केलेलं होतं. जो सगळ्यांचा लाडका ड्रॅगन, त्याला ते घोरपड म्हणायचे. पाचेक मिनिटांत सतरा पानं खाली उतरली आणि निमेशचे वीसच्या वीस प्राण गेले. त्याने एकही पान टाकलं नव्हतं.

"झालं?" निमेश म्हणाला.

"झालं," परब म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "तुमची पानं बघू? काय करणार होतात तुम्ही?"

निमेशला ते जखमेवर मीठ वाटलं. त्याने पानं बाकावर आपटली. परबांनी ती उचलली, सरळ केली, आणि खरोखर लक्ष देऊन बघायला लागले. "घोरपड होती म्हणजे. चौथ्या टर्नला आणली असतीत. त्याच्या आधी हे पान. अरे वा. मग मी कुठे राहणार होतो?" हरलेल्या माणसाचा न झालेला डाव त्यांनी असा शेवटपर्यंत खेळून दाखवला, आणि त्यात स्वतःला हरवलं. मग घड्याळाकडे बघितलं, गठ्ठा रुमालात बांधला आणि गेले. येऊन पंचवीस मिनिटं झाली नव्हती.

दर रविवारी हेच. येणार, घड्याळ काढणार, "जेवलात?" विचारणार, एक किंवा दोन डाव पहिल्या टर्नला जिंकणार, समोरच्याची पानं मागून घेणार, आणि फोन वाजला की उठणार. फोनवर फक्त "आलो" म्हणायचे. कधी समोरचा टॉस जिंकला तर त्याला एक टर्न मिळायचा, तेवढाच. आम्हांला वाटलं, बुवा घमेंडखोर आहे. जिंकायला येतो आणि जिंकला की टिकत नाही.

एक तन्वी सोडून. तन्वी फिजिओथेरपिस्ट आहे, घाटकोपरच्या एका दवाखान्यात. तिला परब आवडायचे. ती मुद्दाम त्यांच्यासमोर बसायची, पाच मिनिटांत हरायची आणि मग आपली पानं पंख्यासारखी उघडून त्यांच्यापुढे धरायची. "काका, आता बघा. माझ्या मनात काय होतं सांगू?" परब हनुवटीखाली मूठ धरून ऐकायचे. लहानपणी आपण गोष्ट ऐकतो तसे. एकदा तन्वी म्हणाली, "काका, तुम्हांला जिंकण्यापेक्षा हेच जास्त आवडतं." परब म्हणाले, "जिंकणं पटकन होतं हो. हे बघायला येतो मी." आम्ही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग निमेशने विषय काढला. त्या रविवारी आम्ही आठ जण होतो. निमेश फळ्यापाशी जाऊन उभाच राहिला, जणू त्याचाच क्लास.

"मॅडम, यावर आज बोलायचंच. मी रिक्षा करून येतो. सात पानं हातात धरतो. आणि मग काय? काका पाच मिनिटं एकटेच खेळतात, मी बघतो आणि शेकहँड. याला गेम म्हणतात? पहिल्या टर्नला जिंकणं म्हणजे गेमची वाट लागली ना यार!"

"पण काकांनी चीटिंग थोडीच केलंय?" तन्वी म्हणाली. "सगळी पानं नियमातली आहेत. आणि तू ज्याला कचरा म्हणतोस त्यातून बांधलाय डेक. तू तोड काढ ना त्याच्यावर."

"तोड काढायला आधी टर्न तर मिळाला पाहिजे!"

तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी निमेशच्या बाजूची होते. मी बोलले, आणि क्लासमध्ये बोलते तशी बोलले. खेळ दोघांचा असतो. एकाच्या हातात सगळं आणि दुसऱ्याच्या हातात नुसती पानं, हा खेळ निरोगी नाही. आज एक असा डेक आहे, उद्या सगळेच असे बांधतील, मग टॉस झाला की घरी जायचं. अजूनही माझं हेच मत आहे. मत बरोबर होतं म्हणून मला आज बरं वाटत नाही, एवढंच.

परब शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, काकांनाही विचारा. परब उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण फळा समोर असला की त्यांच्या वयाची माणसं उभी राहतात.

"निमेश बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "पहिल्याच टर्नला संपलं की खेळाची तब्येत बिघडते. समोरच्यालाही काहीतरी करायला मिळालं पाहिजे. सात पानं हातात धरून नुसतं बसायचं, आणि आपल्या मनात काय होतं हे कुणाला कळायच्या आत डाव संपायचा. फार वाईट असतं ते, मॅडम. मला ठाऊक आहे. लिहा तुम्ही नियम."

आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला तो त्यांनी. मला वाटलं, किती खिलाडू माणूस. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग लाल पेनने लिहिलं: दोघांचे किमान तीन टर्न झाल्याशिवाय डाव संपणार नाही. नियम एकोणीस.

हात वर करताना ते काय सोडून देत होते, हे तिथे फक्त त्यांनाच माहीत होतं. पहिल्या टर्नचा डेक त्यांनी मिजास म्हणून बांधला नव्हता. वीस मिनिटांत पुरा होणारा डाव तेवढाच एक होता.

पुढच्या रविवारी परब नवा डेक घेऊन आले. सावकाश, लांब पल्ल्याचा. घोरपडसुद्धा घेतली होती, दोन चांगली पानं देऊन. तन्वीसमोर बसले. पहिला टर्न, दुसरा टर्न. समोरून काय येतंय ते बघायचे, पेन्सिल कानावर खोचायचे, पुन्हा काढायचे. दुसऱ्या टर्नला बसलेले परब मी प्रथमच बघत होते आणि ते इतके खूश होते की मलाही बरं वाटलं. माझ्या नियमाचा गुण, असंही मनात आलं. तिसऱ्या टर्नला फोन वाजला.

परबांनी बाकावरच्या पानांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "आलो," म्हणाले फोनवर. तन्वीला म्हणाले, "तुम्ही जिंकलात असं धरा."

"असं कसं? काका, डाव तर तुमच्याकडे झुकलाय."

"असू दे. धरा."

पाच-सहा रविवार असेच गेले. एकही डाव शेवटाला गेला नाही. निमेशला विनोद सुचला, "काका हरायला लागले की फोन येतो." मीही हसले. आता लिहिताना लाज वाटते, पण हसले.

एकदा फोन आल्यावर परब उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. बाकाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "मॅडम, हा डाव असाच ठेवता येईल का? पुढच्या रविवारी इथून पुढे खेळलो असतो."

मी म्हणाले, "अहो परब, उद्या सकाळी सातला दहावीची बॅच आहे. बाकं लागतात मला."

"हो, हो. बरोबर आहे," ते लगेच म्हणाले, आणि पानं गोळा करून गेले. बारा बाकं होती माझ्याकडे. दहावीच्या बॅचला आठ पुरायची.

त्यानंतरच्या रविवारी फोन बसल्याबसल्याच आला. सात पानं नुकतीच हातात घेतली होती. या वेळी "आलो" म्हणायलाही ते थांबले नाहीत. पानं खिशात कोंबून धावले. रुमाल राहिला आणि घड्याळ राहिलं. पुढचे दोन रविवार परब आले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या बाकाकडे बघत बसले आणि कोण जिंकलं ते वहीत लिहायचं विसरले. शेवटी मंगळवारी सकाळची बॅच सोडून मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि पत्ता विचारत निघाले. चालत सात मिनिटं लागली. मनात अजून थोडा रागच होता, माणसाने निदान फोन उचलावा.

जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. लिफ्टची ड्रॉइंग काढण्यात ज्याचा जन्म गेला तो तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढतो. जिन्यात शिर्केबाई भेटल्या. "तुम्ही क्लासवाल्या मॅडम ना? परबांना मी तिथेच फोन करायचे," म्हणाल्या, आणि तिथेच दोन पायऱ्यांवर उभ्या राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. गोळी, कुलूप, गळ्यातली किल्ली, दार बडवणं. "पण आता दुपारच्या झोपतच नाहीत हो आजी. त्या रविवारी पडल्या, कपाळाला टाके पडले. तेव्हापासून तो दाराबाहेर पडलेला नाही." वरचा एक जिना चढायला मला किती वेळ लागला ते माझं मला माहीत.

आतलं दार उघडं होतं, जाळीचं दार बंद. आतून कुलूप. परब जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर आई, भिंतीला टेकून, कपाळावर पट्टी, मांडीवर पत्ते. दोघांच्या मध्ये एक स्टूल.

"मॅडम!" परब उठून जाळीपाशी आले. "रागावू नका हां, दार उघडत नाही. उघडलं की ती पायातून निसटते. गेल्या आठवड्यात शिर्केबाईंना खाली रस्त्यावर सापडली."

"कोण आसा रे?" आतून आवाज आला.

"कोण नाय गो आये. आमच्या मॅडम."

मी जाळीतून घड्याळ आत दिलं. मग म्हणाले, "परब, तो नियम मी खोडून टाकते. आजच. तुम्ही तुमचा जुना डेक घेऊन या. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटं या."

"छे, छे. नियम बरोबर आहे," परब म्हणाले. "आणि आता दहा मिनिटंही नाहीत हो." ते जरा हसले. "खेळणं मात्र सोडलेलं नाही. आईला शिकवलंय. म्हणजे शिकवलं असं नाही. तिला पानं खाली ठेवायला आवडतात. पहिला टर्न नेहमी तिचा. एक पान ठेवते, मी म्हणतो जिंकलीस. फार खूश होते. मग पुन्हा वाटायचं."

"आणि तुम्ही?"

"मी समोर बसतो."

त्यांच्या डाव्या हातात सात पानं होती. दारापर्यंत येतानाही त्यांनी ती खाली ठेवली नव्हती, छातीशी धरली होती, नीट, कडेला कड जुळवलेली. दिवसातून किती वेळा वाटत असतील कुणास ठाऊक. आणि दर वेळी सात पानं हातात घेऊन हा माणूस थांबत असणार, डाव संपला असं स्वतःच्याच तोंडाने सांगायला. सहा महिने या माणसाने आमच्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता. तो त्याला उलट विचारावा, असं आमच्यापैकी एकाला सुचलं नव्हतं.

"परब," मी म्हणाले, "तुमची पानं बघू. काय करणार होतात तुम्ही?"

मग त्यांनी पानं पंख्यासारखी उघडली आणि जाळीला टेकवून धरली. मी पर्समधून चष्मा काढला.

"हे बघा," ते म्हणाले. आवाज एकदम बदलला. "पहिल्या टर्नला काहीच नाही. नुसता वॉचमन बसवायचा. दुसऱ्याला हे पान, म्हणजे समोरचा जरा बिचकतो. तिसऱ्या टर्नला घोरपड येत नाही अजून, पण त्याला वाटलं पाहिजे की येणार. तो त्याच्यावर खर्च करून बसतो. आणि मग चौथ्या टर्नला—"

"बाबू," आई म्हणाली. "माजां पान टाकलंय."

परब थांबले. पानं तशीच जाळीवर होती.

"येतो हां, आये," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "चौथ्या टर्नला काय ते सांगतो कधीतरी." आत जाऊन ते पुन्हा मांडी घालून बसले. घड्याळ मनगटावर बांधलं नाही. स्टुलावर ठेवलं, कडेला समांतर, उजव्या हाताला, काच आपल्याकडे. आईने टाकलेलं पान त्यांनी नीट वाचलं, बारीक अक्षरातलंसुद्धा.

"जिकलंस गो आये," ते म्हणाले, आणि आपली सात पानं गठ्ठ्यात परत घालून पुन्हा पिसायला लागले.